फ्लेवर्ड चॉकलेट बार आणि ट्रफल : चाखायचं कसं, पारखायचं कसं (बेळगाव-निपाणी-खानापूर)

कोकोकुंदा (शहापूर, बेळगाव)

दिवाळी-नाताळ जवळ आले की आपल्याकडे घरगुती चॉकलेटांचे बॉक्स फिरायला लागतात. कुंदा ट्रफल (आटलेल्या दुधाचा कुंदा घातलेला मऊ चॉकलेटचा गोळा), संकेश्वरी मिरचीचा बार, कोकम, गूळ-काजू, फिल्टर कॉफी. नावं वाचून तोंडाला पाणी सुटतं, खरं निम्म्या मालात वर चव असते आणि खाली चॉकलेटच नसतं. म्हणून हा धागा. परीक्षण लिहिताना "भारी", "तोंडात विरघळलं" एवढ्यावर थांबू नका. किती वेळात विरघळलं आणि मागे काय राहिलं तेही लिहा.

आधी वेष्टनाची मागची बाजू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. कोको मास (दळलेली कोकोची बी) किंवा कोको सॉलिड्स, साखर, कोको बटर (कोकोच्या बियांचं फॅट), लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक, क्रमांक ३२२) एवढंच असेल तर ते चॉकलेट. "हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट" दिसलं की तो कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसऱ्या फॅटचा माल. कंपाउंड विकणं हा गुन्हा नाही, लग्नाच्या ऑर्डरींना तोच परवडतो, खरं त्याला चॉकलेटच्या काट्यावर तोलू नका. टाळूला मेणचट थर राहतो आणि कुठलीही चव त्या थराखाली दबते.

टक्केवारीनेही फसू नका. ७० टक्के म्हणजे कोकोचा कोरडा भाग आणि कोको बटर मिळून ७०. एकात बटर जास्त, दुसऱ्यात कोरडा भाग जास्त, त्यामुळे ७० टक्क्यांचे दोन बार कडवटपणात बरेच वेगळे निघू शकतात.

चाखताना चॉकलेट २०-२२ अंशांवर असावं. फ्रिजमधलं असेल तर वेष्टन न उघडता पाऊण तास बाहेर ठेवा. लगेच उघडलं तर दव धरतं. तासभर आधी चहा, पान, तंबाखू, लसणाची चटणी काही नको. एका बैठकीत पाच-सहा नमुने पुरे, त्यापुढे जीभ खोटं बोलते. सुरुवात साध्या डार्कने करा, त्याशिवाय चव कुठे बसली ते कळत नाही. मग मीठ, सुकामेवा, कॉफी, त्यानंतर आंबट फळं, मग पुदिना, आणि मिरची सगळ्यात शेवटी. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचे चिरमुरे.

तुकडा ५ ग्रॅमचा घ्या आणि कानाजवळ मोडा. डार्कचा आवाज कडक यायला हवा, दुधाच्या चॉकलेटचा जरा मऊ. अंगठ्याने चोळून वास घ्या. दोन-तीनदाच चावा आणि जिभेवर सोडून द्या. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून चांगला बार तोंडाच्या उष्णतेनेच सुटतो.

आता मुख्य मुद्दा. चव कधी येते ते बघा. वेष्टन उघडल्या उघडल्या नाकात शिरणारी आणि पाच सेकंदांत गायब होणारी संत्र्याची चव म्हणजे बहुतेक वेळा नुसता इसेन्स. सालीचं तेल कोको बटरमध्ये मुरलेलं असेल तर फॅट वितळायला लागल्यावर, दहा-पंधरा सेकंदांनी, ते वर येतं आणि कोकोच्या कडवटपणाबरोबर चालतं. गिळल्यावर मिनिटभराने तोंडात कोको आणि संत्रं दोन्ही हवेत. एकटं संत्रं उरलं तर गुण कापा.

गुण शंभरात : रूप आणि आवाज १०, वास १५, वितळणं २०, चवीचा क्रम ३५, मागची चव २०.

निपाणीकर_काका

चवीच्या क्रमाला ३५ आणि रूपाला फक्त १०? बॉक्सवर पांढरे डाग घेऊन आलेला बार कोण विकत घेणार? ते १० मला कमी वाटतात.

जांबोटीचा_पाऊस

काका, पांढरे डाग दोन प्रकारचे, आणि दोघांचे गुण वेगळे कापायला हवेत.

बोटाने हलकं घासा. डाग पुसला जाऊन खाली गुळगुळीत लागलं तर तो फॅटचा डाग. टेंपरिंग (चॉकलेट ठराविक अंशांवर तापवून, गार करून घट्ट करणं) चुकलंय किंवा बार उन्हात मऊ होऊन परत घट्ट झालाय. चव फारशी बिघडत नाही, वितळणं बिघडतं. बोटाला खरखर लागली तर तो साखरेचा डाग. ओल धरली, वरची साखर त्यात विरघळली आणि सुकून कण झाले. खात्रीसाठी पाण्याचा एक थेंब टाका. साखरेचा डाग त्यात विरघळतो, फॅटच्या डागावर थेंब तसाच उभा राहतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर साखरेचा डाग हाच मोठा शत्रू. बार फॉइलमध्ये, फॉइल झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यापासून लांब. चॉकलेट वास फार लवकर ओढतं. चिरलेला कांदा किंवा सुका बांगडा शेजारी असेल तर कोकमाचा बारही कोकमाचा राहणार नाही. मुळात १५ ते १८ अंश आणि कोरडी हवा लागते. थंडीच्या दिवसांत बेळगावात फ्रिजची गरजच नसते, अथणी-गोकाक बाजूला एप्रिल-मे मध्ये दुसरा इलाज नाही.

तिलकवाडी_स्वयंपाकघर

कुंद्याच्या ट्रफलबद्दल विचारायचं होतं. गनाश (ट्रफलच्या आतलं चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) कोरडा आणि रवाळ होतो, कडेला तूप सुटतं. प्रमाण २ भाग चॉकलेट, १ भाग क्रीम, १ भाग कुंदा. काय चुकतंय?

दूध_आटव

अक्का, पाणी कमी पडतंय. कुंदा म्हणजे आटलेलं दूध आणि साखर, त्यात मोकळं पाणी फारसं नसतं. उलट त्यातले दुधाचे घटक आणि साखर क्रीममधलं पाणी ओढून घेतात. गनाश म्हणजे फॅट आणि पाण्याचं मिश्रण. पाणी कमी झालं की फॅट वेगळं होतं, तेच तुम्हाला कडेला दिसतंय.

हे प्रमाण धरा : कुंदा १०० ग्रॅम, टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं क्रीम ८० ग्रॅम, ५५ टक्के डार्क १२० ग्रॅम, मीठ चिमूटभर. ३५ टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम वापरणार असाल तर (गोड नसलेलं, वनस्पती फॅटचं नव्हे) ७० ग्रॅम क्रीम आणि दोन चमचे दूध.

कुंद्याचे दोन भाग करा. एक भाग क्रीममध्ये मंद आंचेवर गाठी मोडेपर्यंत ढवळा आणि ब्लेंडरने एकजीव करा. ८० अंशांपर्यंत तापवा, उकळी आणू नका. ६० च्या आसपास आलं की बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध लहान गोल फिरवत ढवळा. मध्यभागी चकाकी आली की गोल मोठा करत कडेपर्यंत जा. सुरुवातीपासून सगळीकडे ढवळलं की हवा शिरते आणि मिश्रण फुटायचा धोका वाढतो. ३५ अंशांवर उरलेला कुंदा हाताने कुस्करून घाला. पूर्ण गुळगुळीत केलं तर ते नुसतं कॅरॅमल लागतं, कुंद्याची ओळख त्या रव्यात आहे.

प्लास्टिक पृष्ठभागाला चिकटवून झाका, चार ते सहा तास गार जागी ठेवा. १४ ग्रॅमचा एक धरला तर वीसेक होतात.

फुटलंच तर परत तापवू नका. कोमट दूध, एका वेळी एक छोटा चमचा, मधोमध घालून ढवळा. दोन-तीन चमच्यांत चकाकी परत येते.

कोकोकुंदा

प्रमाण बरोबर आहे, ५५ टक्क्यांवर मात्र माझं वेगळं मत. कुंद्यात साखर भरपूर, त्यात ५५ टक्क्यांच्या बारमध्ये जवळजवळ निम्मी साखर. तो ट्रफल तिसऱ्या घासाला जड होतो.

दूध_आटव

मग ७० घ्या आणि बघा. दक्षिणेकडच्या कोकोच्या ७० टक्के बारांत बऱ्याचदा फळासारखी आंबट धार असते. बी पाच-सात दिवस आंबवून वाळवतात, त्यातला आम्लपणा थोडाफार बारपर्यंत येतो. संत्रं, कोकम, मिरची यांना ती धार शोभते. कुंद्यातल्या खरपूस दुधाला ती मारते. तोंडात आधी आंबट, मग दूध, म्हणजे दूध नासल्याचा भास. आत ५५ आणि वरचं कवच ७० चं, दीड मिलिमीटर जाडीचं. गोडी कवचाने तोला, गनाशने नको.

कोकोकुंदा

कवचाचं पटलं. तरी आत साठ-बासष्ट टक्क्यांवर मी अडून आहे.

निपाणीकर_काका

दुकानात "कुंदा ट्रफल, बाहेर ठेवा, महिनाभर टिकतो" असं लिहिलेलं दिसतंय. हे कसं काय वो?

दूध_आटव

ताजं क्रीम घातलेला घरगुती ट्रफल फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, तेवढाच. महिनाभर बाहेर टिकतो म्हणजे एक तर क्रीमच नाही, कंपाउंडमध्ये कुंद्याची पूड आणि इसेन्स आहे, किंवा टिकवण्याचं काहीतरी घातलंय. लेबलवर ते लिहिलेलं असायला पाहिजे. नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

चिकोडी_तिखट

मिरचीच्या बारवर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ.

संकेश्वरी आणि ब्याडगी एका मापाने घालू नका. ब्याडगीला (हिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) रंग आणि गोडसर वास, तिखटपणा कमी. संकेश्वरी लांबट, बारीक आणि धारदार. १०० ग्रॅम ७० टक्के डार्कला दोन्हींची मिळून अर्धा ग्रॅम पूड, त्यात चार वाटे ब्याडगी आणि एक वाटा संकेश्वरी. स्वयंपाकघरातला काटा अर्धा ग्रॅम नीट दाखवत नाही. ४ ग्रॅम आणि १ ग्रॅमचं मिश्रण करून ठेवा, आणि त्यातलं सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर मोजा.

देठ, बिया आणि आतली पांढरी शीर काढा. तिखटपणा मुख्यतः त्या शिरेत असतो. तवा मंद, मिरची फक्त कडक होईपर्यंत. डाग पडले की करपट कडवटपणा येतो आणि तो कोकोच्या कडवटपणात मिसळला की वेगळा काढता येत नाही. पूड मलमलीतून चाळा. जाड कण दाढेखाली आला की सगळं तिखट एका जागी फुटतं.

पूड थेट बारमध्ये नको असेल तर कोको बटरमध्ये उतरवा. ५० ग्रॅम कोको बटर ६० अंशांवर, त्यात मिरचीचे तुकडे तासभर, मग गाळा. तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून ही पद्धत चालते. गाळलेलं बटर १०० ग्रॅम चॉकलेटला ४-५ ग्रॅम.

चाखताना : आधी कोको, मग पंधरा-वीस सेकंदांनी घशाकडे ऊब, हा बरोबर क्रम. लिंटच्या एक्सलन्स मालिकेतला चिली बार याच पद्धतीचा, ओळखीसाठी तो चाखून बघायला हरकत नाही. जिभेच्या टोकाला लगेच चटका बसला तर पूड वरून भुरभुरलीय. निकाल पहिल्या तुकड्यावर देऊ नका, तिखट साठत जातं. तिसऱ्या तुकड्याला कोको लागतोय का ते बघा. मध्ये पाणी प्यायचा उपयोग नाही, दूध घ्या.

तिलकवाडी_स्वयंपाकघर

पाण्यातला इसेन्स घातला की चॉकलेट एकदम गोळा होतं, ते का? चार थेंबच तर असतात.

जांबोटीचा_पाऊस

चार थेंबच घात करतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे कण फॅटमध्ये तरंगत असतात. थोडं पाणी मिळालं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात. तो गोळा बारसाठी परत सरळ होत नाही. १०० ग्रॅमला २५-३० मिली गरम दूध किंवा पाणी घालून सॉस करा, नाहीतर केकमध्ये वापरा. बारला फक्त तेलातला फ्लेवर किंवा पूर्ण कोरडी पूड. रविवार पेठेत घेताना बाटलीवर "ऑइल सोल्युबल" लिहिलंय का ते वाचून घ्या.

आणि डबल बॉयलरची (उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवतात त्याची) वाफ! पातेलं वरच्या भांड्यापेक्षा मोठं असलं की वाफ कडेने आत जाते. पावसाळ्यात सरळ मायक्रोवेव्ह बरा. निम्म्या पॉवरवर वीस-वीस सेकंद आणि दरवेळी ढवळणं.

भिरंड_रातांबा

कोकमाचं मी सांगते. बाजारातली बहुतेक आमसुलं मीठ लावलेली असतात, ती बारमध्ये चालत नाहीत. बिनमिठाची सालं घ्या, ६० अंशांवर कडक वाळवा, थोड्या साखरेबरोबर दळा, दोनदा चाळा. १०० ग्रॅमला २ ते ३ ग्रॅम. पूड घातल्यावर चॉकलेट जरा दाट होतं, तेव्हा २ ग्रॅम कोको बटर घाला, दूध नव्हे.

ट्रफलला कोकम आणि क्रीम एकत्र तापवलं की फाटतं. तिथे क्रीमच सोडा. ६० टक्के डार्क १०० ग्रॅम, बिनमिठाच्या कोकमाचा गाळलेला दाट रस ४५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम. पाण्यावरचा गनाश क्रीमच्या गनाशपेक्षा स्वच्छ लागतो, आंबटपणा झाकला जात नाही. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं.

आणखी एक. कोकमाच्या बियांचं तूप, ज्याला आपण भेगांना लावायचं मुठेल म्हणतो, ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून उन्हाळी चॉकलेटला घट्टपणा द्यायला ते वापरतात. युरोपियन युनियनमध्ये कोको बटरशिवाय जी सहा वनस्पती फॅट चॉकलेटमध्ये, ५ टक्क्यांपर्यंत, चालतात त्यात कोकम आहे. खायच्या प्रतीचं, शुद्ध केलेलंच घ्यायचं, घरच्या गोळ्याला वास असतो. ३ टक्क्यांवर बार बोटांना कमी लागतो. त्याहून जास्त झालं की वितळणं मंद होतं आणि वितळण्याच्या रकान्यातले गुण जातात.

निपाणीकर_काका

गुळाचे बार सगळे वाळूसारखे का लागतात?

कोकोकुंदा

कारण ते ढवळलेले असतात, दळलेले नसतात. जिभेला साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा कण जाणवतो. गूळ पावडर कितीही बारीक दिसली तरी त्यापेक्षा जाड. दगडी मेलँजरमध्ये (कोको दळायच्या यंत्रात) कोकोबरोबर दिवसभर फिरली तरच गुळगुळीत होते, आणि गुळात ओल असल्यामुळे तिथेही आधी वाळवावी लागते. घरी गुळाचा बार करण्यात अर्थ नाही. गूळ ट्रफलमध्ये घाला : २०० ग्रॅम ७० टक्के डार्क, १०० ग्रॅम क्रीम, २५ ग्रॅम कोल्हापुरी गूळ. क्रीम आचेवरून उतरवून जरा कोमट झाल्यावर गूळ विरघळवा, उकळत्यात टाकलात तर फाटू शकतं.

चिकोडी_तिखट

बाकीच्या चवी भराभर. समुद्री मीठ १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम, जाड कण, बारच्या पाठीवर. आत मिसळलं की नुसतं खारट. पुदिना अर्ध्या बैठकीची जीभ मारतो, त्याला वेगळा दिवस द्या. कॉफी चिकोरी नसलेली, ३ ग्रॅम, कोकोबरोबर दळलेली. ट्रफलला अख्ख्या बिया थंड क्रीममध्ये रात्रभर, सकाळी गाळून. गरम क्रीममध्ये उकळल्या की तुरटपणा येतो.

तिलकवाडी_स्वयंपाकघर

कवचाला तडे जातात. टेंपरिंग थर्मामीटरने केलंय : ४७, मग २८, मग ३१. चकाकी आहे, आवाज आहे, तासाभराने तडा.

दूध_आटव

आकडे डार्कला बरोबर आहेत. (दुधाच्या चॉकलेटला शेवटचा आकडा २९-३०, पांढऱ्याला २८-२९.) दोष आतल्या गोळ्यात आहे. तो फ्रिजमधून थेट बुडवलात. थंड गोळा नंतर गरम होताना फुगतो, त्याच वेळी कवच घट्ट होताना आकसतं, तडा जाणारच. गोळे २० अंशांवर येऊ द्या. आधी तळहातावर वितळलेलं चॉकलेट घेऊन गोळ्यावर पातळ थर फिरवा, तो सुकला की मग बुडवा. दोन थर असले की गनाश बाहेरही येत नाही. बुडवण्याआधी सुरीच्या टोकावर चाचणी घ्या : तीन ते पाच मिनिटांत चकाकीसह घट्ट झालं तर पुढे जा, रेघा दिसल्या तर थांबा.

गोकाक_फॉल्स

करदंटाचा (गूळ, डिंक आणि सुकामेव्याची आमची गोकाकची मिठाई) बार करायचाय. तुकडे करून डार्कमध्ये टाकले, दुसऱ्या दिवशी तुकड्यांभोवती ओलसर चिकट कडा आली.

कोकोकुंदा

करदंटातला गूळ ओल सोडतोय आणि हवेतूनही ओढतोय. तुकडे हरभऱ्याएवढे करा, ६० अंशांवर अर्धा तास वाळवा, गार करा. मग वितळलेल्या कोको बटरमध्ये घोळवा, १०० ग्रॅम तुकड्यांना ५ ग्रॅम बटर, आणि कागदावर सुटे सुटे सुकू द्या. त्यानंतरच चॉकलेटमध्ये, १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर नको. बार पूर्ण झाकलेला हवा. तुकड्याचं टोक बाहेर राहिलं तर ओल तिथूनच आत शिरणार. बेस ७० टक्के घ्या, करदंट स्वतःच गोड आहे. डिंक तळलेला असेल तर तो कुरकुरीत राहतो, त्याचे गुण वितळण्यात कापू नका, चवीच्या क्रमात मोजा.